अकापुल्कोचा किल्ला कशाच्या राखणीला होता?



सागरी किल्ल्याविषयी बोलायचे म्हटले की आपले प्रश्न ठरलेले असतात. बुरूज किती, तटाची रुंदी किती, वेढे किती पडले, किल्ला कुणी घेतला आणि कुणाला घेता आला नाही. किल्ला अजिंक्य राहिला असेल तर आपण त्याला मान देतो. हातोहात गेला असेल तर किल्लेदाराला दोष देतो. या मोजपट्टीवर आज मला शंका घ्यायची आहे. त्यासाठी मी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा एक स्पॅनिश किल्ला निवडला आहे: अकापुल्को बंदरावरचा सान दिएगो. १९८६ पासून तिथे शहराचे इतिहास-संग्रहालय आहे आणि मेक्सिकोची राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्था ते चालवते. लढायांच्या हिशेबाने पाहिले तर हा किल्ला किरकोळ ठरतो. मालाच्या हिशेबाने पाहिले तर मात्र आशिया आणि अमेरिका यांना जोडणारा व्यवहार जवळजवळ दोनशे वर्षे या एका किल्ल्यासमोरून गेलेला दिसतो. माझे म्हणणे असे की किल्ल्याचा इतिहास त्याने काय राखले, कुणापासून राखले आणि त्या राखणीची किंमत कुणी मोजली, या तीन प्रश्नांवर लिहावा. किल्ल्यातल्या संग्रहालयाची पारखही याच तीन प्रश्नांवर व्हावी.

आधी व्यापार पाहू, कारण किल्ल्याच्या आधी व्यापार आला. स्पॅनिश जहाजे मेक्सिकोहून फिलिपीन्सला पोहोचत होती, पण परतीचा मार्ग कुणाला सापडत नव्हता. ज्या वाऱ्यांनी जहाज पश्चिमेला जाई तेच वारे परत येताना समोरून येत. १५६५ मध्ये आंद्रेस दे उर्दानेता या खलाशाचा साधू झालेल्या माणसाने ही अडचण सोडवली. सेबूहून जूनमध्ये निघालेले जहाज त्याने उत्तरेला बरेच वर नेले, तिथले पश्चिमी वारे पकडले आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने खाली उतरत ऑक्टोबरात अकापुल्को गाठले. १५७१ मध्ये मनिला स्पॅनिशांच्या हाती आले आणि त्यानंतर १८१५ पर्यंत ही ये-जा चालू राहिली. मनिलाहून चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले, हस्तिदंत आणि हिंदुस्थानी सुती कापड येई. अकापुल्कोहून मुख्यतः मेक्सिकोच्या खाणींतली चांदी जाई. जायला तीनेक महिने पुरत. यायला चार ते सहा महिने लागत, कधी त्याहून जास्त. वर्षाकाठी एक किंवा दोन जहाजे, पण त्या एकेका जहाजावर मनिलातल्या स्पॅनिश वस्तीचा सगळा संसार अवलंबून असे.

हे जहाज लुटण्याची इच्छा साहजिकच अनेकांना झाली. १५७९ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने याच किनाऱ्यावरचे वातुल्को बंदर लुटले. १५८७ मध्ये थॉमस कॅव्हेंडिशने मनिलाहून आलेले ‘सांता आना’ कॅलिफोर्नियाच्या टोकाशी पकडले. तरीही अकापुल्कोला धड तटबंदी नव्हती. १६१५च्या ऑक्टोबरात योरिस फान स्पिलबर्गेन याचा डच काफिला थेट उपसागरात शिरला. त्याने गाव जाळले नाही. पेरूच्या किनाऱ्यावर धरलेले स्पॅनिश कैदी परत दिले, बदल्यात पाणी आणि ताजे अन्न घेतले आणि तो निघून गेला. पण व्हाइसरॉयला जे कळायचे ते कळले. व्हाइसरॉय होता दिएगो फेर्नांदेस दे कोर्दोबा, ग्वादाल्कासारचा मार्कीस. त्याच्या हुकमाने काम सुरू झाले आणि १६१७ मध्ये किल्ला उभा राहिला. बांधणारा इंजिनिअर आद्रिआन बोत हा स्वतः डच. मेक्सिको शहरात साचणाऱ्या पाण्याचा निचरा करण्यासाठी स्पेनच्या राजाने त्याला १६१४ मध्ये तिकडे धाडले होते. डचांच्या भीतीने बांधलेला किल्ला एका डचाने बांधला, ही गंमत संग्रहालयाने जरूर सांगावी. पण ती सांगून थांबू नये.

या किल्ल्याची ठेवण जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तट उंच नाहीत. तोफांच्या काळात उंच भिंत म्हणजे सोपे निशाण. म्हणून तट बुटके, जाड आणि उतरते, भोवती खंदक. पाच कोनांवर भाल्याच्या पात्यासारखे पुढे आलेले पाच बुरूज. एका बुरजाच्या कुशीतली तोफ शेजारच्या बुरजाच्या अंगावर चढणाऱ्याला टिपते, आणि शेजारचा बुरूज हेच काम पहिल्यासाठी करतो. त्यामुळे तटाच्या पायथ्याशी शत्रूला लपायला आडोसा उरत नाही. आज दिसतो तो पंचकोन मात्र बोतचा नव्हे. २१ एप्रिल १७७६ रोजी भूकंपाने जुना किल्ला उद्ध्वस्त केला. मिगेल कोस्तान्सो या लष्करी इंजिनिअरच्या आराखड्यावरून १७७८ ते १७८३ या काळात नवा बांधला गेला. राजा तिसरा कार्लोस याच्या मानासाठी नाव ठेवले सान कार्लोस, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले.

आता मुख्य पुरावा. मनिलाच्या व्यापारातली चार जहाजे इंग्रजांनी पकडली: १५८७ मध्ये ‘सांता आना’, १७०९ च्या अखेरीस वुड्स रॉजर्सने ‘एन्कार्नासिओन’, १७४३ मध्ये जॉर्ज अॅन्सनने ‘कोवादोंगा’ आणि १७६२ मध्ये ‘सांतीसिमा त्रिनिदाद’. यांतले एकही अकापुल्कोच्या तोफांच्या टप्प्यात पकडले गेले नाही. दोन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याशी आणि दोन फिलिपीन्सच्या पाण्यात गेली. अॅन्सनची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १७४२च्या सुरुवातीला तो अकापुल्कोबाहेर दबा धरून बसला. त्याची चाहूल लागताच स्पॅनिशांनी जहाज बंदरातच अडकवून ठेवले. अॅन्सन वाट पाहून गेला, पॅसिफिक ओलांडला, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये समार बेटाजवळ त्याने ‘कोवादोंगा’ गाठले. त्यावर १३ लाखांहून अधिक चांदीची नाणी होती. किल्ल्याच्या आधाराने एक जहाज एका वर्षापुरते वाचले, आणि दुसरे हजारो मैलांवर गेले. १६२४ मध्ये डचांचे नासाऊ आरमार याच उपसागरात येऊन थांबले होते. त्यालाही हवे ते जहाज मिळाले नाही, पण ते बंदरात नव्हतेच. खरा धोका उघड्या समुद्रावर होता, आणि तिथे कोणत्याही बुरजाचा गोळा पोहोचत नाही.

मग किल्ला करत काय होता? उत्तर जहाज बंदरात आल्यावर मिळते. जहाज मेक्सिकोच्या किनाऱ्याशी आले की वर्दी जमिनीवरून पुढे पळे. मेक्सिको शहरातून राजाचे अधिकारी निघत, व्यापारी आपली चांदी खेचरांवर लादून डोंगर उतरत. जहाज नांगरले की आधी अधिकारी चढत, मालाची यादी ताडून पाहत, जकात ठरवत. त्यानंतर जत्रा भरे. एरवी ओस असलेल्या या उष्ण, तापाच्या गावात महिनाभर माणूस मावत नसे, आणि माल संपला की श्रीमंत मंडळी पुन्हा पठारावर परतत. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९७च्या जानेवारीत सहा महिन्यांहून लांबलेला प्रवास करून मनिलाहून इथे उतरला. हा कारेरी आपल्याला परका नाही. दोनच वर्षांपूर्वी, १६९५ मध्ये, तो दमण, वसई आणि गोवा पाहून कृष्णाकाठी गलगल्याला औरंगजेबाच्या छावणीत जाऊन आला होता. वसईचा कोट आणि गोव्याचे वैभव पाहिलेल्या या माणसाला अकापुल्को हे दक्षिण समुद्राची मुख्य पेठ म्हणण्यापेक्षा कोळ्यांचे गरीब गाव म्हणण्याच्या लायकीचे वाटले. त्याचे मत नीट वाचावे. तिथे राखण्यासारखे गाव नव्हतेच. राखायची होती ती वर्षातून महिनाभर किनाऱ्यावर उघडी पडणारी संपत्ती, आणि त्या संपत्तीवरचा राजाचा हक्क.

हा हक्क कुणापासून राखायचा, हा दुसरा प्रश्न. चाचे हे त्याचे अर्धेच उत्तर आहे. सेव्हिलच्या व्यापाऱ्यांना चिनी रेशमाची धास्ती होती. आपले कापड अमेरिकेत खपणार नाही आणि चांदी युरोपऐवजी चीनला जाईल, ही त्यांची तक्रार. तिच्यापुढे नमून राजाने १५९३ मध्ये मर्यादा घातली: वर्षाला तीनशे टनी दोनच जहाजे, मनिलाहून अडीच लाख पेसोंचा माल, आणि परत जाताना पाच लाख पेसो. पेरूच्या व्यापाऱ्यांना इथे येऊन चांदीच्या बदल्यात रेशीम घ्यायचे होते. १६३४ मध्ये मेक्सिको आणि पेरू यांच्यातला व्यापारच बंद केला गेला. मर्यादा आणि बंदी दोन्ही सर्रास मोडल्या जात. म्हणजे शिबंदीने ज्यांच्यावर नजर ठेवायची ते बरेचसे राजाचेच प्रजाजन होते. आणखी एक गळती होती. या जहाजांवरचे बहुतेक खलाशी फिलिपिनो. १६१९ मध्ये सेबास्तिआन दे पिनेदा याने राजाकडे केलेल्या तक्रारीत सांगितले की १६१८ला एका जहाजावरून आलेल्या अशा ७५ खलाशांपैकी पाचच परत गेले. बाकीचे किनाऱ्यावर पांगले आणि नारळीची माडी काढू लागले. पिनेदाला चिंता होती ती स्पेनहून येणाऱ्या द्राक्षाच्या दारूची. स्थानिकांना माडी मिळाली तर ती घेणार कोण? नवा कोरा किल्ला उभा होता, तोफा समुद्राकडे रोखलेल्या होत्या, आणि त्याच्या पाठीमागून माणसे निवांत निघून जात होती. कोलिमाच्या किनाऱ्यावर ‘तुबा’ या फिलिपिनो नावाने ही माडी आजही विकली जाते.

इथपर्यंत ऐकून लष्करी इतिहासाचा अभ्यासक आक्षेप घेईल, आणि त्याच्या आक्षेपात वजन आहे. तो म्हणेल: १८१३ विसरलात का? मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धात होसे मारिया मोरेलोस याने याच किल्ल्याला वेढा घातला. शहर १२ एप्रिलला पडले, किल्ला मात्र २० ऑगस्टपर्यंत झुंजला. चार महिने एका सेनापतीला अडकवून ठेवणारा किल्ला किरकोळ कसा? तेवढ्या अवधीत राजपक्षाला इतरत्र सावरायला उसंत मिळाली, म्हणून मोरेलोसची ही मोहीमच चुकली, असे मानणारे इतिहासकार आहेत. आक्षेप मान्य, पण किल्ला पडला कसा ते पाहावे. वेढा जमिनीकडून होता आणि किल्ल्याला समुद्राकडून रसद मिळत होती. उपसागराच्या तोंडाशी रोकेता नावाचे बेट आहे. मोरेलोसच्या माणसांनी ते बेट घेतले, रसदेचा मार्ग आवळला, आणि मग किल्लेदार पेद्रो आंतोनिओ वेलेस याला सन्मानाच्या अटींवर किल्ला सोडावा लागला. तट फुटला नाही, पोट रिकामे झाले. परक्या आरमारासाठी बांधलेल्या किल्ल्याला याच भूमीतल्या लोकांनी वेढले आणि उपाशी ठेवून जिंकले. म्हणून १८१३ माझ्या म्हणण्याला आणखी बळ देते: कोणताही किल्ला आपल्या पुरवठ्याइतकाच भक्कम असतो, आणि पुरवठा हा व्यापाराचाच भाग आहे. मोरेलोसने इतका हट्ट धरला तोही बंदरासाठी, कारण चांदी आणि माल तिथून जात होता.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. १७७६च्या भूकंपानंतर स्पेनने इतका खर्च करून किल्ला पुन्हा बांधला, तो काय जकातीच्या नाक्यासाठी? इथे सालांकडे लक्ष द्यावे. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला जिंकले होते. ती मोहीम निघाली मद्रासहून, आणि तिच्यात इंग्रजी पलटणीबरोबर हिंदी शिपाईही होते. मनिलाची तटबंदी टिकली नाही, हे स्पेनच्या दरबारी लोक विसरले नव्हते. मनिला १७६४ मध्ये परत मिळाले, पण मार्गाचे एक टोक एकदा गमावल्यावर दुसरे टोक पडक्या तटात ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणजे पुनर्बांधणीमागे लष्करी भीती होती हे खरे, आणि त्या भीतीचा विषय पुन्हा व्यापारच होता. नियतीचा भाग असा की १७८३ मध्ये पंचकोन पुरा झाला आणि ३२ वर्षांनी, १८१५ मध्ये, शेवटचे जहाज अकापुल्को सोडून गेले. कुलूप उत्तम बसवले, तोवर तिजोरी रिकामी व्हायला आली होती.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. व्यापाराच्या अंगाने किल्ला वाचायचा म्हणजे वसाहतीच्या इतिहासाला गोड मुलामा देणे नव्हे काय? रेशीम, चिनी मातीच्या बश्या, मसाले, ‘पहिले जागतिकीकरण’: काचेच्या कपाटात हे सगळे देखणे दिसते आणि पाहणारा खूश होऊन बाहेर पडतो. हा धोका खराच आहे. व्यापाराची गोष्ट व्यापाऱ्याच्या नजरेने सांगितली तर ती जाहिरात होते. त्यावर उपाय व्यापार वगळणे हा नाही. मालाची यादी पूर्ण वाचणे हा आहे. त्या यादीत माणसेही होती. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली होते, आणि गोवा, कोचीन, मलाक्का इथले पोर्तुगीज व्यापारी मनिलाला गुलाम विकत. तिथून ते अकापुल्कोला येत. बंगालचे, मलबारचे, फिलिपीन्सचे असे सगळे मेक्सिकोत एकाच ‘चिनो’ या नावाखाली मोडत.

त्यांतल्या एका मुलीची हकीकत आपल्याला बरीच तपशीलवार माहीत आहे. तिच्या चरित्रकारांच्या सांगण्याप्रमाणे ती मुघल मुलखातली. किनाऱ्यावरून पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवले, कोचीनला जेझुइटांनी बाप्तिस्मा देऊन तिचे नाव कातारीना ठेवले, मनिलाच्या बाजारात ती विकली गेली. १६२०च्या सुमारास, म्हणजे किल्ला पुरा होऊन दोन-चार वर्षांतच, ती अकापुल्कोला उतरली आणि तिथून पुएब्ला शहरात मिगेल दे सोसा नावाच्या कप्तानाच्या घरी गेली. पुढे ती मोकळी झाली, व्रतस्थ राहिली, आणि १६८८ मध्ये वारली तेव्हा पुएब्लाने तिला संतासारखा निरोप दिला. आलोन्सो रामोस या तिच्या पाद्र्याने तिचे तीन खंडांचे चरित्र छापले. इन्क्विझिशनने त्यावर बंदी घातली. पुढच्या शतकांत मेक्सिकोने ‘चिना पोब्लाना’ नावाचा भरजरी स्त्रीवेश तिच्या नावाशी जोडला, ज्याचा तिच्याशी संबंध असल्याचा पुरावा नाही. आशियाई गुलामांना मुक्त करण्याचा राजाचा हुकूम निघाला तो १६७२ मध्ये, किल्ल्याला पन्नासहून अधिक वर्षे झाल्यावर. तेवढी वर्षे या बुरजांनी ज्या मालाची राखण केली त्यात कातारीनासारखी माणसे होती. राखणीची किंमत कुणी मोजली, या प्रश्नाचे ठोस उत्तर इथे मिळते.

या कसोटीवर सान दिएगोचे संग्रहालय कुठे बसते? त्याने एक गोष्ट नक्कीच बरोबर केली. तोफा आणि गणवेश यांचे कोठार न होता त्याने मनिलाच्या व्यापाराला मुख्य जागा दिली; चाचेगिरी आणि स्वातंत्र्ययुद्ध ही दालने त्याच कथेला जोडलेली आहेत. समुद्रकिनाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात एवढा विवेक ठेवणे सोपे नाही. माझी अपेक्षा याच्या पुढची आहे. चिनी बशी ज्या मानाने मांडली जाते त्याच मानाने ते ७५ खलाशी मांडले जावेत. रेशमाच्या ठाणाशेजारी चोलमंडल आणि बंगालच्या कोष्ट्यांचे सुती कापड असावे, कारण मेक्सिकोच्या सामान्य माणसाला ते परवडत होते. आणि जकातीच्या हिशेबात माणसाचा भाव लिहिलेला असेल तर तो कागद मधोमध ठेवावा. हे मांडायला जागा लागते, पैसाही लागतो. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी ओटिस हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ याच शहरावर आदळल्यावर तिथे आधी घरे, मग शाळा आणि त्यानंतर संग्रहालये, असाच क्रम राहणार, आणि तो योग्यही आहे. पण पुन्हा मांडणी करायची वेळ येईल तेव्हा जुनीच कपाटे जुन्याच क्रमाने लावू नयेत.

कुणी विचारेल, मराठी श्रोत्यांनी मेक्सिकोच्या एका किल्ल्याची एवढी उठाठेव का करावी? एक कारण कारेरीने दिलेच आहे: एकच माणूस, एकाच प्रवासात, वसई आणि अकापुल्को दोन्ही पाहून गेला, कारण दोन्ही एकाच समुद्री व्यवहाराची ठाणी होती. दुसरे कारण असे की गोव्याच्या पोर्तुगीज कारभाराचा इतिहास मनिला आणि अकापुल्को वगळून अपुरा राहतो. गोव्याहून पूर्वेला गेलेल्या जहाजांतली माणसे कुठे पोहोचली, याचे काही कागद पुएब्ला आणि मेक्सिको शहरात आहेत. आपल्याकडचे अभ्यासक लिस्बनपर्यंत पोहोचले, पण स्पॅनिश दप्तरांकडे वळणारे अजून थोडे आहेत. तरुण अभ्यासकांनी पोर्तुगीजबरोबर स्पॅनिशही शिकावी, ही माझी त्यांना विनंती आहे.

शेवटी माझा निष्कर्ष. सान दिएगो पडला की टिकला, हा त्याच्याविषयीचा सर्वांत कमी उपयोगाचा प्रश्न आहे. ज्या जहाजांसाठी तो बांधला ती समुद्रावर पकडली गेली, जो नियम तो राबवत होता तो त्याच्या डोळ्यांदेखत मोडला गेला, आणि ज्या वेढ्यात तो शरण गेला तो जमिनीवरून आला. तरीही तो महत्त्वाचा आहे, कारण जवळजवळ दोनशे वर्षे दोन खंडांचा माल, चांदी आणि माणसे त्याच्या नजरेखालून गेली. पुढे कधी कोणत्याही सागरी किल्ल्यात जाल, तर तोफांची संख्या विचारण्याआधी तिथल्या माहितगाराला जकातीची वही विचारा. ती वही ज्या संग्रहालयात पाहायला मिळते, ते संग्रहालय आपले काम करते आहे असे समजावे.